वाटीचे ग्रॅम आणि ग्रॅमच्या वाट्या: कोरड्या जिन्नसांचं माप कसं बदलायचं

मागच्या श्रावणात आमच्या सोसायटीत सत्यनारायण होता आणि प्रसादाच्या शिऱ्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. घरी आम्ही करतो तो सव्वा वाटीचा, म्हणजे सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी साखर, सव्वा वाटी तूप आणि दूध तिप्पट, पावणेचार वाट्या. आता सत्तर-ऐंशी माणसांना द्रोण भरायचे तर सव्वा वाटीने काय होणार, म्हणून मी शहाणीने सरळ 'वाटी' खोडून तिथे 'किलो' लिहिलं. सव्वा किलो रवा, सव्वा किलो साखर, सव्वा किलो तूप आणि पावणेचार लिटर दूध. कागदावर हिशोब एकदम देखणा दिसत होता.

कढईत काय झालं ते विचारू नका. दूध ओतल्या ओतल्या रव्याने ते दोन मिनिटांत पिऊन टाकलं, झारा हलेना, रवा फुलायच्या आधीच गोळा झाला आणि चव घ्यायला बघावं तर नैवेद्य दाखवायचा बाकी. शेवटी चुरचुरीत, कमी गोड आणि घशात अडकणारा असा तो प्रसाद वाटला गेला. प्रसाद म्हणून तोंडावर कुणी काही बोललं नाही पण द्रोण निम्मे निम्मे परत आलेले मी पाहिले ना. सासूबाई म्हणाल्या, "अगं, रवा जास्त झाला." मी म्हटलं, "आई, सगळं सव्वाच घेतलंय हो, मोजून." आणि गंमत म्हणजे आमचं दोघींचंही बरोबर होतं.

वाटी जागा मोजते आणि काटा वजन मोजतो, एवढाच सगळा घोळ आहे. माझ्या शिऱ्याच्या वाटीत रवा बसतो १०५ ग्रॅम, साखर बसते १२७ ग्रॅम आणि पातळ तूप बसतं साधारण १३६ ग्रॅम. म्हणजे वाटीने मोजलेला "सगळं सारखं" शिरा वजनाने अजिबात सारखा नसतो, त्यात रव्यापेक्षा साखर जड असते आणि तूप तर त्याहून. सव्वा किलो रवा म्हणजे त्या वाटीने जवळपास १२ वाट्या. मग साखरही १२ वाट्या, म्हणजे दीड किलोच्या थोडी वर, तूप १ किलो ६०० च्या पुढे आणि दूध ३६ वाट्या, म्हणजे ५ लिटर ४०० मिली. मी दूध घातलं होतं पावणेचार लिटर! १ लिटर ६५० मिली दूध कमी पडल्यावर रवा बिचारा फुलणार कुठून.

तेव्हापासून मी एक काम केलं. घरातल्या मापाच्या वाटीचा एकदाच नीट हिशोब करून ठेवला. अर्धा तास लागतो फार तर, आणि मग कुठलीही रेसिपी, ग्रॅममधली असो की वाटीतली की अमेरिकन कपातली, आपल्या भांड्यावर आणता येते. कसं करायचं ते सांगते.

सगळ्यात आधी वाटी ठरवा. कुठलीही एकच, पण कायमची. आमच्याकडे सासूबाईंच्या लग्नातली नाव घातलेली स्टीलची वाटी आहे, कडेला टिंब टिंब करून नाव आणि तारीख कोरलेली असते ना तसली, तीच मी धरली. का, तर "एक वाटी" नावाचं कुठलंही ठरलेलं माप नाहीये. मी त्या दिवशी घरातल्या सगळ्या वाट्या काढून पाणी भरून बघितलं तर आमटीची वाटी ११० मिली निघाली, नाववाली १५० आणि सेटमधली नवी वाटी १८०. तिन्हींना आम्ही वाटीच म्हणतो. म्हणून कुणी फोनवर "दोन वाट्या घे गं" म्हणालं की पहिला प्रश्न, कुठली वाटी?

वाटी मापायची कशी? डिजिटल काटा असेल तर रिकामी वाटी ठेवा, झीरोचं बटण दाबा, काठापर्यंत पाणी भरा आणि आकडा वाचा. पाण्याचा १ मिली म्हणजे १ ग्रॅम, त्यामुळे १५० ग्रॅम दिसले तर वाटी १५० मिलीची. वाटीचा काठ बाहेर वळलेला असेल तर पाणी अगदी फुगून येईपर्यंत भरू नका, सुरी सपाट फिरवली तर जिथे पीठ थांबेल तिथपर्यंतच भरा. काटा नसेल तरी अडत नाही. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी तर घरी येतेच, ती त्या वाटीने पातेल्यात मोजून टाका. सव्वातीन वाट्या झाल्या आणि थोडंसं दूध उरलं की समजा वाटी १५० ची. बरोबर अडीच वाट्या भरल्या तर २०० ची. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे प्लास्टिकचं झाकण येतं त्यावर ५ मिली, १० मिलीच्या खुणा असतात, चमचे मोजायला ते फार कामाचं आहे, फेकू नका.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते निम्म्या चुका इथेच होतात: वाटी भरायची कशी. आपल्याकडे याला शब्द पण किती छान आहेत बघा, शिगोशीग, काठोकाठ, सपाट, चेपून. बाजारात चुरमुरे मापाने घेतले की वर शीग लावून दिली नाही तर आपण भांडतो, पण रेसिपीतल्या वाटीला शीग नसते. सपाट म्हणजे सपाट. साखर, तांदूळ, डाळ यांना फार फरक पडत नाही कारण ते दाबले तरी दबत नाहीत, वाटी डब्यात बुडवा, वर काढा, बोटाने सपाट करा, झालं. पीठ मात्र लबाड आहे. मैद्याच्या डब्यात वाटी खुपसून कडेला घासून भरली की पीठ आत चेपलं जातं, आणि चमच्याने हळूहळू टाकून सुरीच्या पाठीने वरचं पाडलं की हलकं भरतं. २४० मिलीच्या कपात चमच्याने भरलेला मैदा १२० ते १२५ ग्रॅम बसतो आणि खुपसून भरलेला १४० च्या पुढे, कधी १५० सुद्धा. दोन कपांच्या केकमध्ये हा फरक ५० ग्रॅमपर्यंत जातो, म्हणजे चमच्याने भरलेला जवळपास अर्धा कप मैदा जास्तीचा, आणि मग आपण म्हणतो ओव्हन खराब आहे.

पीठ मोजायची माझी पद्धत अशी. आधी डब्यातच पीठ चमच्याने सैल करायचं, खाली बसलेलं वर आणायचं. मग वाटी ताटलीत ठेवायची आणि चमच्याने पीठ वरून सोडायचं, शीग येईपर्यंत. वाटी आपटायची नाही, हलवायची पण नाही, हात शिवशिवतो पण नाही म्हणजे नाही. मग सुरीची पाठ काठावरून एकदाच फिरवायची. पडलेलं पीठ ताटलीतून परत डब्यात.

आता आकडे. नेटवर सगळे तक्ते "एका कपाला इतके ग्रॅम" असे असतात आणि मग तुमचा कप वेगळा, माझी वाटी वेगळी, म्हणून मी आकडे १०० मिलीला लिहून ठेवलेत, म्हणजे कुठल्याही भांड्याला लावता येतात. सपाट, न चेपता भरलेल्या मापाचे आहेत हे.

साखर ८५
पिठीसाखर ५०
मैदा ५० ते ५३
कणीक पण तेवढीच, ५० च्या आसपास
ज्वारीचं आणि बाजरीचं पीठ ५०
बेसन ४० ते ५०, चाळलेलं असेल तर ४० च्या जवळ
तांदळाचं पीठ ६५
कॉर्नफ्लोअर ५३
रवा ७०
तांदूळ ७८ ते ८०
तूरडाळ, मूगडाळ, हरभरा डाळ, मसूर, सगळ्या ८० ते ८७
साबुदाणा ६४
शेंगदाणे ६२
तीळ ६०
खवलेला ओला नारळ ३४
कोको पावडर ३६
ओट्स ३४
बारीक मीठ १२०

पोहे मुद्दाम लिहिले नाहीत कारण जाडे, पातळ आणि नायलॉन या तिघांचं एकमेकांशी काही जुळत नाही, ते आपापल्या घरी मोजा. गूळ पण तसाच, चिरलेला वेगळा, किसलेला वेगळा, आणि वाटीत दाबून भरला की तिसराच काहीतरी. गूळ मी वाटीने मोजायचंच सोडलं, सरळ काट्यावर ठेवते.

आता हे वापरायचं कसं. वाटीवरून ग्रॅम हवे असतील तर वाटीचे मिली गुणिले हा आकडा, भागिले १००. माझ्या १५० च्या वाटीने दोन वाट्या साबुदाणा म्हणजे ३०० मिली, गुणिले ६४, भागिले १००, झाले १९२ ग्रॅम, म्हणजे दोनशेच धरा. उलटं, रेसिपीत ग्रॅम आहेत आणि काटा नाहीये तर ग्रॅम भागिले आकडा गुणिले १००, की मिली मिळतात, आणि त्याला वाटीच्या मिलीने भागायचं. ५०० ग्रॅम रवा? ५०० भागिले ७०, गुणिले १००, ७१४ मिली. भागिले १५०, पावणेपाच वाट्या. बस्स. एकदा दोनदा कागदावर केलं की मग तोंडी जमतं.

पण तुमचा रवा आणि माझा रवा एक नाही, बारीक रवा, जाड रवा, इडली रवा वेगवेगळे बसतात, जाड दाण्याची साखर आणि बारीक साखर यात पण थोडा फरक असतो. म्हणून यादीवर डोळे मिटून विसंबू नका, स्वतःच्या वाटीने एकदा मोजा. काटा नसेल तर त्यालाही घरगुती उपाय आहे, साखरेची एक किलोची पिशवी फोडली की डब्यात भरतानाच वाटीने मोजून टाका. माझ्या वाटीने एक किलो साखरेच्या आठला थोड्या कमी वाट्या होतात. हजार भागिले तेवढ्या वाट्या, की एका वाटीचे ग्रॅम हातात. रवा आणला की तसंच, मैदा आणला की तसंच. महिन्याचं सामान भरता भरता तुमची यादी तयार होते.

मी ती यादी चिकटपट्टीने कपाटाच्या दाराला आतून लावलीय आणि डब्यांच्या झाकणाखाली मार्करने लिहिलंय, रव्याच्या झाकणात १०५, साखरेच्या झाकणात १२७, मैद्याच्या झाकणात ७८. झाकण उघडलं की दिसतं.

आता हे सगळं कधी करायचं नाही ते पण सांगते, कारण एकदा का काटा घरात आला की लोक मोहरीपण मोजायला लागतात. रेसिपी सगळीच्या सगळी वाटीत असेल तर काही बदलायची गरज नाही. २४० चा कप सांगितलाय आणि तुमच्याकडे १५० ची वाटी आहे, तर सगळं त्याच वाटीने घ्या, पदार्थ तसाच होईल, फक्त कमी होईल. अंडी असतील तर मात्र घोळ होतो, कारण अंडं काही वाटीच्या हिशोबाने लहान होत नाही.

आणि डाळ-तांदूळ. इडलीला तीनास एक, चकलीच्या भाजणीला चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, ही मापं तुम्ही वाटीने घ्या की किलोने घ्या, जवळपास तोच पदार्थ होतो, कारण तांदूळ आणि डाळी सगळ्या ८० च्या आगेमागेच बसतात. म्हणूनच दिवाळीला कुणी "चार किलोला दोन किलो" सांगतं आणि कुणी "चार वाट्यांना दोन वाट्या", आणि चकल्या दोघींच्या खुसखुशीत होतात. फसगत होते ती भाजणीतल्या हलक्या मंडळींत. धने १०० मिलीला जेमतेम ३४ ग्रॅम भरतात. एक वाटी धने सांगितले असतील आणि तुम्ही उडदाच्या डाळीइतक्या वजनाचे घातलेत तर धने अडीच पट झाले, मग चकलीला धन्याचाच वास. पोह्यांचं पण तसंच. तेव्हा भाजणी किलोत करायची असेल तर धान्यं-डाळी बिनधास्त किलोने घ्या, पण धने-पोहे वाटीने मोजून मगच काट्यावर टाका.

पायली, शेर, मापटं, चिपटं ही आपली जुनी मापं जागेचीच होती. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर चुरमुरे यांचं वजन एक नसतं हे तेव्हा कुणाला सांगावं लागत नव्हतं. घोटाळा असा की शेर हा वजनाचाही होता, ८० तोळ्यांचा, म्हणजे आजचे साधारण ९३३ ग्रॅम. दोन्हीला एकच नाव! मग १९५६ चा कायदा आला, १९५८ पासून किलो-ग्रॅमची वजनं यायला लागली आणि शेर गेला, पण पावशेर काही गेला नाही, आजही भाजीवाल्याकडे पावशेर मिरची मागितली की तो २५० ग्रॅम तोलतो. ८० तोळ्यांच्या शेराचा पाव भाग खरं तर २३३ ग्रॅम, म्हणजे नव्या पावशेरात आपलाच फायदा. पण जुन्या वहीत "पावशेर" दिसलं तर ते वजन आहे की माप हे पुढेमागे बघून ठरवा. माझ्या आजेसासूबाईंच्या वहीत पावशेर दूध पण आहे आणि पावशेर खसखस पण आहे.

आता दळण्या-चाळण्याचा मुद्दा, यात मी पण फसलेय. "एक वाटी साखर, दळून" आणि "एक वाटी पिठीसाखर" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक वाटी साखर मिक्सरमधून काढली की पावणेदोन वाट्यांच्या जवळ पिठीसाखर होते, कारण वजन तेच पण दाणा मोडल्यावर मध्ये हवा शिरते. म्हणजे नानकटाईत एक वाटी पिठीसाखर हवी होती आणि तुम्ही एक वाटी साखर दळून सगळी घातलीत तर जवळपास पावणेदोन पट गोड. तसंच "एक वाटी चाळलेला मैदा" म्हणजे आधी चाळा मग मोजा, आणि "एक वाटी मैदा, चाळून" म्हणजे आधी मोजा मग चाळा. दोन शब्दांची अदलाबदल आहे पण केक वेगळा होतो.

गिरणीतून डाळ दळून आणली की हेच डोळ्यांनी दिसतं. दीड लिटरच्या डब्यात एक किलो हरभरा डाळ आरामात बसते, डबा थोडा रिकामाच राहतो. तीच डाळ दळून आणा आणि त्याच डब्यात भरा, तिसरा हिस्सा तरी बेसन बाहेर. एक किलो बेसनाला दोन लिटरच्या वर जागा लागते. मग आपण डबा आपटतो, दाबतो, बेसन बसवतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच दाबलेल्या बेसनात वाटी खुपसून लाडवाचं माप घेतो आणि मग तूप कमी पडलं म्हणतो. बेसन लाडू वजनाने करा असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी कशाला काटा घेतला नाहीत तरी चालेल, याला घ्या.

छोट्या चमच्यांचं सांगायचं तर मापाचा टीस्पून ५ मिलीचा आणि टेबलस्पून १५ चा. पोहे खायचा चमचा म्हणजे टीस्पून नव्हे, घरातला चमचा औषधाच्या झाकणाने एकदा मापून बघा, कुठला ४ निघतो कुठला ८. सपाट टीस्पूनला मीठ ६ ग्रॅम, साखर ४, हळद ३, तिखट पावणेतीनच्या जवळ, जिरं २, मेथीदाणे साडेतीनच्या थोडे वर, बेकिंग पावडर आणि सोडा साडेचारच्या आसपास, ड्राय यीस्ट ३ च्या जवळ. यीस्टची ७ ग्रॅमची पुडी म्हणजे सव्वादोन टीस्पून. इतक्या कमी वजनाला स्वयंपाकघरातला काटा कामाचा नाही, त्याला एकेक ग्रॅमच कळतो, आणि चिमूट चिमूट टाकत गेलात तर काही काटे ढिम्म हलत नाहीत. तिथे चमचाच बरा. चमच्याचं वजन काढायचंच असेल तर दहा चमचे एकदम मोजा आणि दहाने भागा. खडे मीठ वापरत असाल तर चमच्यात कमी मीठ बसतं, मोठ्या खड्यांमधल्या फटी रिकाम्या राहतात ना, म्हणून बारीक मिठाच्या रेसिपीत खडे मीठ चमच्याला चमचा घातलं तर अळणी होतं.

परदेशी रेसिप्या बघून करणाऱ्यांसाठी थोडं. अमेरिकन कप २३७ मिलीचा, आपण २४० धरतो. ऑस्ट्रेलियन कप २५० चा, त्याने फारसं बिघडत नाही. पण ऑस्ट्रेलियन टेबलस्पून २० मिलीचा असतो आणि बाकी ठिकाणी १५ चा, हे मात्र बिघडवतं. माझी नणंद मेलबर्नला आहे, तिने लिहून दिलेल्या कुकीज माझ्या दोनदा फसल्या, तिचे तीन टेबलस्पून म्हणजे माझे चार होते हे नंतर कळलं. राइस कुकरबरोबर जो प्लास्टिकचा कप येतो तो बहुतेक वेळा १८० चा असतो, १४० ते १५० ग्रॅम तांदळाचा, आणि भांड्यातल्या पाण्याच्या रेघा त्याच कपाच्या हिशोबाने असतात. कप हरवला म्हणून दुसरा मोठा कप घेतलात तर भात फडफडीतच्या पुढे जातो.

आणि औंस. हा तर शेरासारखाच, दोन्हीकडे नाचतो. वजनाचा औंस २८ ग्रॅम, आणि पातळ पदार्थाचा औंस साधारण ३० मिली. एका कपात ८ औंस हे खरं, पण ते पातळाचे. रेसिपीत "८ औंस मैदा" असेल तर तो वजनाचा, २२७ ग्रॅम, म्हणजे पावणेदोन कपांच्या थोडा वर. एक कप घातलात तर निम्माच मैदा पडला.

काटा घ्यायचाच असेल तर पाच किलोपर्यंतचा, एक ग्रॅम दाखवणारा साधा डिजिटल पुरतो. ओट्यावर सपाट जागी ठेवा, डुगडुगत्या टेबलावर नको, आणि वर पंखा फुल स्पीडवर असेल तर पराती ठेवल्यावर आकडा नाचतो. काटा खरं बोलतो की नाही बघायला एक किलोची न फोडलेली मिठाची पिशवी ठेवा, किलो आणि वर प्लास्टिकचे पाच-सात ग्रॅम दिसले की झालं. एक युक्ती मला फार उशिरा कळली: वाटीत घालून मोजायच्या ऐवजी पिठाचा अख्खा डबाच काट्यावर ठेवायचा, झीरो दाबायचं आणि चमच्याने काढत जायचं. काटा उणे दाखवतो. उणे २५० दिसलं की थांबायचं. भांडं खराब होत नाही आणि वाटी आपटायचा मोहही नाही.

तर यंदा परत पूजा होती आणि परत शिरा माझ्याकडेच, याला लोकांचा मोठेपणा म्हणा किंवा दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणा. सासूबाईंनी त्यांची ती नाववाली वाटी माझ्यासमोर आणून ठेवली, बोलल्या काहीच नाहीत. मी कागदावर लिहिलं, रवा सव्वा किलो, साखर १ किलो ५२०, तूप १ किलो ६३०, दूध ५ लिटर ४००. तुपाचा आकडा बघून खजिनदार काकांनी चष्मा वर केला, मी म्हटलं काका, मागच्या वर्षीचा शिरा आठवतोय ना? त्यांनी गुपचूप पैसे काढून दिले. या वेळी झारा सहज फिरत होता, कडेने तूप सुटलं, रवा दाणा दाणा फुलला. केळी मात्र डझनावरच घेतली, तिथे काही काटा लावला नाही.